कडेचा प्रकाश

सकाळचे ऊन आमच्या घरात थेट येत नाही. आधी ते समोरच्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याच्या, धुराड्याच्या टोकाला लागते आणि काही काळ तिथेच टेकून राहते, खाली उतरण्याची त्याला घाई नसल्यासारखे. मग विटांचा एकेक थर उजळत ते खाली सरकते, यंत्रमागांच्या शेडवरल्या पत्र्यांवर पसरते आणि पत्र्यांवरून उडालेला त्याचा एक फिकट, पाण्यासारखा हलणारा तुकडा आमच्या गॅलरीच्या छताला येऊन चिकटतो. तो खऱ्या उन्हाचा निरोप असतो. खरे ऊन मागाहून येते, गजांमधून, आडवे. हवेत सुताचा तूस तरंगत असतो. इचलकरंजीत तो दिवसभर असतो, पण दिसतो तेवढ्याच वेळी. एखादा तंतू उन्हाच्या पट्ट्यात शिरताना पेटतो, डोलत डोलत पलीकडे जातो आणि विझतो. विझल्यावरही तो असतोच; फक्त आपल्याला दिसत नाही.

त्या उन्हात अप्पा बसलेले असत. लोखंडी खुर्ची, मांडीवर वर्तमानपत्र. ऊन त्यांच्या पावलांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून छातीवर आणि शेवटी डोळ्यांवर चढे. डोळ्यांवर आल्यावरही अप्पा मान वळवत नसत, पापणी मिटत नसत. मी दाराच्या चौकटीला टेकून रोज हे पाहत असे. उतारवयात माणसाला ऊन हवेसे होत असावे, असे मला वाटे.

"श्रेणिक, पेपरात काय हाय बघ."

"तुमच्या हातातच आहे की, अप्पा."

"चष्मा कुठं ठेवलाय कुणास ठाऊक. वाच की जरा. शिकवलं कशाला तुला?"

मी वाचत असे. त्या दिवशीही वाचले. मध्येच त्यांनी विचारले, "पुण्याच्या नोकरीचं काय ठरलं?"

"अजून नाही."

"न ठरायला काय झालं? जा की. हितं बसून काय माझी राखण करणार हाईस?"

हे ते अलीकडे फार वेळा म्हणत. आई गेल्यापासून आम्ही दोघेच होतो, आणि मी नजरेआड होईन या कल्पनेनेही पूर्वी ते कासावीस होत. आता त्यांना मी घरात नको होतो. का नको होतो, हे मी विचारले नाही. मला प्रश्न विचारता येत नाहीत. मी फक्त पाहतो, आणि पाहून पाहून मनात काहीतरी रचतो.

*

आमच्या घराण्याचा एक विनोद गावभर प्रसिद्ध होता. अप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, एके काळी केबलचा धंदा करत. गच्चीवर डिश होत्या, आणि पेठेतल्या घराघरांत आमची वाहिनी जाई. काचेच्या तंतूची केबल नवी आली तेव्हा अप्पांनी मोठ्या हौसेने ती आणली. पण आणली ती चुकीची. कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावातली, जाड गाभ्याची, एका इमारतीतल्या इमारतीत वापरायची. 'जाड हाय म्हंजे दणकट असणार,' असा त्यांचा हिशेब. रावसाहेब खोत नावाच्या आपल्या उजव्या हाताला घेऊन त्यांनी ती अख्ख्या पेठेत ओढली, जिन्याजिन्याने भिंतीला क्लिपा ठोकून. चित्र मात्र असे येई की प्रत्येक माणसाशेजारी त्याची सावली उभी. 'मगदूमची केबल घ्या, एका पैशात दोन हिरो,' असे लोक म्हणत. पुढे मी आता जिथे इंजिनिअर आहे त्या कंपनीने ते जाळे विकत घेतले, आणि पेठेत नवे खणायला परवानगी मिळेना म्हणून ते तसेच पडून राहिले.

तीच चूक आता गावाचे भाग्य ठरली होती, आणि ती तशी ठरवण्यात माझाही हात होता.

तंतूचा गाभा बारीक असेल, तर प्रकाशाला त्यातून जाण्याची एकच तऱ्हा असते. गाभा जाड असेल, तर तऱ्हा अनेक होतात. एका तऱ्हेत प्रकाश मधोमध गोल ठिपक्यासारखा राहतो. दुसरीत शेजारी शेजारी दोन ठिपके होतात. एखादी चार पाकळ्यांची, तर एखादी कडेकडेने जाणाऱ्या कंकणासारखी असते. आम्ही त्यांना चित्रे म्हणतो. ही सारी चित्रे एकाच काचेतून, एकाच वेळी, एकमेकांच्या अंगावरून जातात. अप्पांच्या काळी एकच निरोप सगळ्या चित्रांवर लादला जाई आणि प्रत्येक चित्र आपापल्या वेळेला पोहोचे, म्हणून पडद्यावर सावल्या पडत. आम्ही प्रत्येक चित्राला वेगळा निरोप दिला. जुन्याच केबलमधून, जुन्याच पेट्यांतून गावाची कितीतरी पट वाहतूक धावू लागली. नवे असे काय होते? दोन्ही टोकांना अंगठ्याएवढा काचेचा एकेक ठोकळा, आणि एक गणित.

गणित अशासाठी की वाटेत चित्रे एकमेकांत मिसळतात. केबल कुठे वाकली, तापली, थरथरली, की ठिपक्यातला थोडा प्रकाश पाकळ्यांत सांडतो, पाकळ्यांतला कंकणात. म्हणून ओळखीची एक खूण सतत पाठवायची, ती पलीकडे कशी विस्कटून पोहोचते ते पाहायचे, आणि त्या विस्कटण्याचा उलटा हिशेब करून सगळे सुटे करायचे. डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात हे शेकडो वेळा घडते.

मात्र विस्कटणे समजल्याशिवाय सुटे करता येत नाही, आणि विस्कटण्याची कारणे बहुधा माणसे असतात.

हे कंपनीत सर्वांत आधी माझ्या लक्षात आले. नियंत्रण कक्षात बसून मला माग सुरू झाल्याचे कळे, बंद पडल्याचे कळे. कुणी गच्चीवर केबलवर ओली चादर वाळत घातली, तर दोन ठिपके किंचित हलत. खुणेचा थोडा अंश वाटेतून परत फिरतो. त्याला लागलेल्या वेळावरून जागाही कळे, अगदी हातभर अंतरापर्यंत. ज्या गावात मी मान वर करून कुणाशी बोललो नव्हतो, ते गाव आता माझ्या बोटांखाली श्वास घेत होते. मला हे आवडत होते, याची मला थोडी लाज वाटे.

*

गडबड श्रावणाच्या सुमारास सुरू झाली. मी कामावर पोहोचून स्थिरावलो की आमच्या पेठेच्या ओळीवर कडेची चित्रे मंद होत.

कडेची चित्रे सर्वांत नाजूक असतात. केबल दाबून वाकवली की आधी कडेचा प्रकाश बाहेर सांडतो. मधला ठिपका शेवटपर्यंत तग धरतो. निरोप चोरणारे हेच करतात. केबल न तोडता वाकवतात आणि सांडलेला प्रकाश टिपून घेतात. या ओळीवरून गावातल्या पतसंस्थांचे आणि दवाखान्यांचे सारे व्यवहार जात.

पण चोर एका जागी वाकवतो. हा वाक सरकत होता. वरून सुरू होई, थांबत थांबत खाली येई, काही वेळाने तसाच वर जाई. चोर सोयीची जागा शोधत असावा, असे मी ठरवले. मग जागा काढली. पुन्हा काढली. दर वेळी तीच येत होती.

जिना आमचाच होता.

एकदा ओळखपत्र घरी विसरले म्हणून मी परतलो, तर आमच्या इमारतीखाली रावसाबकाकांची, म्हणजे अप्पांच्या त्या जुन्या उजव्या हाताची, मोटरसायकल उभी. काका आता कंपनीकडेच कंत्राटी जोडारी होते. गच्चीवरल्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे असे. वर जाऊन पाहणे हा काही पायऱ्यांचा प्रश्न होता. मी तिथूनच मागे फिरलो. संध्याकाळी घरी आलो, तर मोरीत दोन कप पालथे घातलेले.

"कोण आलं होतं, अप्पा?"

"कोण न्हाई बा."

"दोन कप आहेत."

"दोनदा प्यालो. चोरी हाय काय?" मग थोडे थांबून, "सूर्य हाय का रं अजून? जेवून घेतो."

आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि अप्पा त्या बाबतीत कडक. मागच्या खिडकीतून तिरपे केशरी ऊन त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले होते. "आहे की," मी म्हणालो आणि पान वाढले. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या कोपराने लवंडला. आदल्या आठवड्यातही लवंडला होता. काहीतरी लपवणाऱ्या माणसाचे हात असेच चुकत असतील, असे माझ्या मनात आले आणि मी पाणी पुसले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर मी काकांना गाठले.

"काका, सकाळी आमच्या बाजूला होता का?"

"मी? न्हाई बा. मी गावभागात जोड मारत हुतो."

"तुमची गाडी दिसली खाली."

काकांनी बशीतला चहा फुंकला, तोही निवलेला. "गाडी लावून पान खायला गेलो असंन. का? चौकशी लावलायस काय माझी, इंजिनेरसाहेब? आरं, तुला खांद्यावर घिऊन डिश दाखवल्यात मी. माझ्या टाळूवर मुतला हुतास, ती चौकशी कवा करायची?"

गाड्यावरची माणसे हसली. मीही हसलो, पण काकांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिले नव्हते, ते मी मनात जपून ठेवले.

त्या रात्रीपासून मी नवी जुळणी करू लागलो. जाळे विकताना अप्पा रडले होते. काका तर कंपनीच्या साहेबांना उघड शिव्या देत. दोघांनी मिळून ही ओळ फोडायची ठरवली असेल तर? म्हणून तर घरात मी नको. म्हणून 'पुण्याला जा'. सारे तुकडे एकमेकांत किती अलगद बसत होते! संशयाचेही एक गणित असते, आणि त्याचे उत्तर आपण आधीच लिहून ठेवलेले असते.

*

कंपनीच्या रेणुका मॅडम सांगलीहून आल्या. पडद्यावरच्या रेघा त्यांनी शांतपणे पाहिल्या.

"हे नैसर्गिक नाही, श्रेणिक."

"नाही, मॅडम."

"ही इमारत कुणाची?"

"आमची."

त्यांनी खुर्ची वळवली. "मग घरी जाऊन नुसतं बघितलं का नाहीस?"

मी म्हणालो, "गच्चीवरल्या पेटीची किल्ली एकाच माणसाकडे असते."

"नाव?"

खिडकीबाहेर सूत गुंडाळायच्या रिकाम्या बिमांनी भरलेला टेम्पो चालला होता, आणि त्याच्या धक्क्याने पडद्यावर पाकळ्या शहारल्या. अप्पांचे नाव घेणे मला शक्य नव्हते. गप्प राहिलो असतो, तर त्यांनी अप्पांना विचारले असते.

"रावसाहेब खोत," मी म्हणालो.

दुपारपर्यंत काकांचे काम थांबले. त्यांची किल्ली आणि ओळखपत्र फाटकावर काढून घेतले. मी काचेआडून पाहत होतो. काका भांडले नाहीत. रखवालदाराला काहीतरी सांगून त्यांनी मला खाली बोलावून घेतले.

"तू नाव दिलंस न्हवं?"

मी खाली पाहिले. त्यांच्या चपलांना सुताचा तूस चिकटला होता.

"काका, तुम्ही खोटं बोललात. गाडी तिथंच होती."

"बोललो. आणि परत इचारलंस तर परत बोलणार. मालकांनी शपथ घातल्या." ते अजूनही अप्पांना मालकच म्हणत.

"कसली शपथ? काय चालवलंय तुम्ही दोघांनी?"

काका माझ्याकडे बघत राहिले. राग असता तर बरे झाले असते. त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. "गावातली म्हातारी कुठल्या पायरीवर दम खाती, ते तुला हितं बसून कळतंय म्हणं. आणि एका ताटाला ताट लावून जेवतोस त्यातलं कळंना व्हय रं?"

"म्हणजे काय?"

"उद्या कामाला जाऊ नगंस. जातो म्हण, आन् जिन्यात हुबा ऱ्हा. बास. ह्याच्या फुडं माझ्या तोंडात शब्द न्हाई."

मोटरसायकल त्यांनी दोनदा लाथ मारून सुरू केली आणि ते निघून गेले.

त्या संध्याकाळी अप्पांनी पुन्हा पुण्याची गोष्ट काढली. "पत्र आलं का? होय म्हणून कळिव त्यास्नी. माझं काय? मला काय धाड भरल्या?" बोलताना ते माझ्याकडे पाहत होते, म्हणजे माझ्या आवाजाकडे. मी मध्येच उठून खिडकीजवळ गेलो, तरी ते आधीच्या जागेकडेच तोंड करून बोलत राहिले. म्हातारपणी माणसे तंद्री लावून बसतात, असे मी स्वतःला सांगितले. मोठ्याने सांगावे लागले नाही. मला ते पाठ झाले होते.

*

"येतो, अप्पा," सकाळी मी नेहमीसारखे म्हणालो. दार ओढले, पायऱ्या वाजवत खाली गेलो, मग चपला हातात घेऊन परत वर आलो आणि मधल्या वळणावर उभा राहिलो. दुसऱ्या मजल्यावरच्यांचे सुताच्या कांड्यांचे पोते तिथे ठेवलेले होते. भिंतीत सिमेंटची जाळी आहे. तिच्यातून ऊन येऊन पायऱ्यांवर, भिंतीवर आणि भिंतीला ठोकलेल्या काळ्या केबलवर चौकोन चौकोन पडले होते. खाली माग सुरू झाले. त्यांचा दणका पायांतून वर चढत होता. ही केबल माझ्या जन्माच्या वर्षी अप्पांनी ठोकली, असे आई सांगायची. क्लिपा सरळ रेषेत नव्हत्या. काही निघून पडल्या होत्या, तिथे केबल लोंबत होती.

वर कडी निघाली.

आधी हात दिसला. तो भिंतीवरून चाचपत केबलपाशी आला आणि तिच्यावर विसावला, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर विसावावा तसा. मग पाऊल. अप्पा उतरू लागले. बोटे केबलवरून सरकत. क्लिप लागली की थांबत, तिला अंगठ्याने दाबून पाहत, आणि मग पुढची पायरी. ओठ हलत होते. जिथे केबल लोंबत होती, तिथे त्यांचा सारा भार तिच्यावर आला आणि ती ताणून वाकली.

माझ्या खिशात फोन थरथरला. तो कशाचा इशारा होता, ते मला न पाहता कळले. पेठेच्या ओळीवर कडेचा प्रकाश सांडत होता.

मी हाक मारायला हवी होती. ओठ उघडलेही. पण एवढ्या वर्षांत मी जे केले तेच केले: पाहत राहिलो. अप्पा वळणावर आले. पायाच्या बोटांनी त्यांनी पोत्याचा कोपरा शोधला, त्याला वळसा घातला, आणि ते माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर उभे राहिले. जाळीतले ऊन सरळ त्यांच्या चेहऱ्यावर होते. डाव्या डोळ्यावर एक चौकोन, उजव्यावर एक. दोन्ही बाहुल्या उघड्या, स्वच्छ, माझ्यावर रोखलेल्या.

त्यांनी मान किंचित तिरकी केली. माझा श्वास त्यांना ऐकू गेला असावा.

"आलास व्हय रावसाब?" ते हळूच म्हणाले. "काल का आला न्हाईस? कालच्याला मी एकटाच खालपतोर जाऊन आलो बघ. पोत्यापाशी जरा चुकलो. पर पडलो न्हाई."

मी हातातल्या चपला आणखी घट्ट धरल्या.

"गप का? रागावलास व्हय? आरं, थोडं दिस कळ काढ. पोरगं पुण्याला जाईस्तोवर जिना पाठ व्हायला पायजे. एकदा ते गेलं, की मग गावभर सांगत सुट, मी अडवायचो न्हाई." ते हसले. मग केबलवरचा हात न सोडता त्यांनी दुसरा हात पुढे केला, काकांचा खांदा शोधत. तो माझ्या छातीवर टेकला. ओळखपत्राच्या फितीवर, फितीवरून शर्टाच्या गुंडीवर आला. आदल्या दिवशी तुटलेली ती गुंडी काळ्या दोऱ्याने मीच लावली होती, तीही त्यांच्याच समोर बसून, गाठ जाड आल्याची कुरकुर करत. तिथे बोटे थबकली.

अप्पांचे हसू तसेच राहिले, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"कोण हाय?" त्यांनी विचारले.

जिन्यात लख्ख ऊन होते. हवेतला तूसही दिसत होता, एकेक तंतू.

अप्पांना दिसत नव्हते.